तांबड्या दोऱ्याच्या बाहेर

"मालक, एवढं नळीचं माप घ्या की," धाकलू येडगे म्हणाला. "नवा फौजदार फूटपट्टी घिऊन बसलाय म्हनं ठाण्यात."

शुक्रवारची दुपार होती. दसऱ्याला चार दिवस होते. आमचे कारागीर दस्तगीरचाचा नमाजाला गेले होते आणि दुकानात मी आणि धाकलू, दोघंच. त्याची दुनळी बंदूक सकाळपासून तेलपाणी होऊन काउंटरवर आडवी पडली होती. तो समोरच्या बाकावर, मुंडासं मांडीवर घेऊन, पोरीला सासरी पाठवायला आलेल्या बापासारखा तिच्याकडे बघत बसला होता.

"माप कशाला हवंय मामा?" मी म्हटलं. "चाळीस वर्षं तुमच्याकडे आहे. आजवर कुणी मोजली?"

"आजवर कुनी मोजली न्हाई म्हनून तर. कापल्याली हाय न्हवं ती. उगं दसऱ्याच्या तोंडावर घोर नगो."

त्यानं आपण होऊन विचारलं, हे मी मुद्दाम आधी सांगतो. मी काही त्याला बोलवायला गेलो नव्हतो. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, आणि ते खरंही आहे. पण त्याचा उपयोग काही झाला नाही.

आमचं दुकान वडिलांपासूनचं. बंदुका, काडतुसं, दुरुस्ती. संस्थानाच्या काळात सरकारांच्या, म्हणजे आमच्या राजेसाहेबांच्या, शिकारखान्याचं सगळं काम आमच्याकडे यायचं. संस्थान गेलं, शिकार बंद झाली, तरी डोंगरकपारीतले परवानेवाले होतेच. डुकरं पिकात शिरतात, बिबट्या मेंढरं उचलतो. त्यांच्या बंदुका वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, तेल प्यायला यायच्या.

धाकलू हा सरकारांचा माग काढणारा. धनगर. ओल्या गवतावरून जनावर कधी गेलं, नर की मादी, लंगडतंय का, सगळं वाचायचा. अक्षर एक येत नव्हतं. एकदा जखमी रानडुक्कर सरकारांवर उलटलं, तेव्हा हा मधे उभा राहिला. डुकरानं त्याची मांडी कमरेपर्यंत फाडली. तो जगला तेव्हा सरकारांनी आपल्या हातानं त्याला ही बंदूक दिली. विलायतेहून करवून आणलेल्या जोडीतली एक. जोडीतल्या पहिलीच्या कळीवर, म्हणजे बंदूक मधे उघडायच्या खटक्यावर, सोन्यात एकचा आकडा बसवलेला, दुसरीवर दोनचा. धाकलूला मिळाली ती दोन नंबरची. पुढं कधीतरी नळीच्या तोंडात चिखल गेलेला कळला नाही, बार काढला आणि नळीचं तोंड फाटलं. तेव्हा दस्तगीरचाचांच्या वडिलांनी, इब्राहिमचाचांनी, फाटलेला भाग कापून तोंड सरळ करून दिलं. तीस इंचांची नळी आखूड झाली. त्या काळी त्याला कोण विचारतंय?

बंदुकीच्या धंद्यात एक गोष्ट गिऱ्हाइकाला कधी सांगू नये, ती म्हणजे त्याची बंदूक किती मोलाची आहे. नळी कापली की बंदुकीची किंमत निम्म्यावर येते, हे खरं. पण एक नंबरची माझ्याकडे होती. दोन वर्षांपूर्वी राजवाड्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा मी ती घेतली होती. पुण्याचे सरपोतदार म्हणून एक हौशी गृहस्थ होते, जुन्या बंदुका जमवणारे. ते म्हणाले, एकटीला काय आहे पोतनीस, जोडी आणा. दोन नंबरची कापलेली असली तरी चालेल. मला तिची कळ हवी, तिचा दस्ता हवा, तो दोनचा आकडा हवा. नळ्या मी विलायतेतून नव्या घडवून आणीन. एकटीचे ते जे देत होते त्याच्या पाचपट जोडीचे देणार होते.

मी धाकलूला तीनदा विचारलं होतं. पैसे सांगितले, बदल्यात नवीकोरी एकनळी सांगितली. तिन्ही वेळा तो हसला होता.

"सरकारांनी हातात दिल्याली हाय वो. ती इकली तर वर गेल्यावर त्यास्नी तोंड कसं दावू?"

आता तोच म्हणत होता, माप घ्या.

कायदा असा, की काडतुसाच्या बंदुकीची नळी वीस इंचांपेक्षा आखूड असेल तर ती साध्या परवान्यात बसत नाही. आखूड बंदूक घोंगडीखाली लपते म्हणून. मोजायची रीत सोपी. बंदूक मिटायची, नळीच्या तोंडातून दांडी आत सोडायची, ती तळाला टेकली की बघायचं. चाचांनी आमच्या दांडीला इंचाइंचाला खाच पाडली होती आणि विसाव्या खाचेवर तांबडा दोरा गुंडाळून त्यावर लाख चढवली होती. तांबडा दोरा नळीच्या आत गेला, बंदूक कायद्यात. बाहेर राहिला, बंदूक बाहेर. पाटलापासून फौजदारापर्यंत कुणालाही कळावं असं ते होतं.

मी बंदूक उभी धरली. उजव्या नळीत दांडी सोडली. टक् करून ती टेकली.

तांबडा दोरा बाहेर होता.

जेमतेम अर्धा इंच. पण बाहेर. धाकलू बाकावरून उठून जवळ आला होता. त्यानं दोऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी दांडी काढली, डाव्या नळीत सोडली. टक्. दोरा बाहेरच.

"मालक?"

"साडेएकोणीस भरतेय मामा."

"म्हंजी?"

"म्हणजे अर्धा इंच कमी."

तो एकदम खाली बसला. बाकावर नव्हे, फरशीवर. माणूस डुकरापुढं उभा राहिलेला, पण कायद्यापुढं त्याचे पाय गेले.

"अर्ध्या इंचाला काय हुतंय वो?"

"मामा, कायदा म्हणजे कायदा. अर्धा इंच काय, दोराभर कमी असली तरी बंदी घातलेलं हत्यार. परवाना असून नसल्यासारखा. नळी कुणी कापली ते विचारतील. तुरुंगात घालतील."

"कापली इब्राहिमचाचानं. सरकारांनी सांगितलं म्हनून."

"मग त्या दोघांची नावं कागदावर येतील."

हे मी अगदी हळू आवाजात, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोललो. वकील, डॉक्टर आणि बंदूकवाला, तिघांनाही तो आवाज काढता येतो. धाकलूच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघंही केव्हाच मेले होते, त्यांचं आता कोण काय करणार होतं? पण त्याला ते कळत नव्हतं. कळू नये अशीच माझी इच्छा होती.

"मी सांगतो तसं करा," मी म्हटलं. "बंदूक इथंच ठेवा. माझ्या नावावर जमा दाखवतो. तुमच्या परवान्यावर नवी एकनळी चढवून देतो. कुणाला काही कळायचं नाही."

तो मग उठला, मुंडासं बांधलं, बंदूक घोंगडीत गुंडाळली.

"म्हातारीला इचारून सांगतो," तो म्हणाला. "लई उपकार झालं मालक. दुसरा असता तर बोलला नसता."

मी त्याला थांबवलं नाही. मला वाटलं, चार दिवसांत येईल. कुठं जातोय?

तासाभरानं चाचा आले. काउंटर रिकामा बघून म्हणाले, "गेला धाकलू? आन् माझी लाकडी काडतुसं?"

"बंदुकीतच गेली."

चाचा चरफडले. बंदूक स्वच्छ केली की ते दोन्ही नळ्यांत एकेक लाकडी काडतूस घालून ठेवत. शिसवाचं, अडीच इंचांचं, हुबेहूब खऱ्यासारखं, मागं पितळेची टोपी. चाप चुकून दाबला गेला तरी घाव लाकडावर बसतो, आतली स्प्रिंग दुखावत नाही. आमच्या दुकानात भिंतीवर टांगलेल्या प्रत्येक बंदुकीत ती असायचीच.

"दुसरी करा," मी म्हटलं.

"करतो की. शिसव कुठं मिळतंय आता चांगलं?" असं पुटपुटत ते लेथवर बसले.

धाकलू दसऱ्याला आला नाही. नंतरही आला नाही. मी वाट बघत होतो. सरपोतदारांना पत्रही टाकून ठेवलं होतं, जोडीचं जमतंय म्हणून. मग निवडणूक लागली आणि हुकूम निघाला, की सगळ्या परवानेवाल्यांनी आपापल्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. दरवेळी निघतो. निकाल लागला की पावती दाखवून परत न्यायच्या. मला वाटलं, आता तरी तो घाबरून माझ्याकडे येईल.

आला ठाण्यातला शिपाई. फौजदारसाहेबांनी बोलावलंय, मिस्तरीला आणि मापाची दांडी घेऊन या.

ठाण्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर धाकलूची बंदूक ठेवलेली होती. मी ती ओळखलीच नाही. गाळानं भरलेली, तांबूस, दस्त्यावर शेवाळ. धाकलू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मला बघताच उठून उभा राहिला, हात जोडले.

"आलं मालक. इचारा त्यास्नी. मी खोटं बोलत न्हाई."

फौजदार नलवडे पोरगेलासा होता, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं मला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

"पोतनीस, हा म्हातारा डोकं खातोय माझं. बंदूक जमा कर म्हटलं तर म्हणतो, पाण्यात दिली. टाकली नाही म्हणत, दिली म्हणतो. मला वाटलं विकली असेल कुठल्या चोरट्या शिकाऱ्याला. दोन पोहणारे लावले, चार दिवस डोह ढवळला, तेव्हा ही निघाली. हळदीकुंकू लावलेल्या फडक्यात बांधलेली. नारळसुद्धा होता."

"द्येव खंडला तर काय करत्यात साहेब?" धाकलू म्हणाला. "घरात ठिवत न्हाईत, इकत न्हाईत. पान्यात देत्यात. दर दसऱ्याला तिची पूजा केली मी. खोट निघाली तिच्यात. मग दुसरं काय करावं मानसानं?"

मी चहा पीत होतो. खरं सांगतो, मला हा विचारच शिवला नव्हता. पाचपट किमतीची बंदूक कुणी नारळ वाहून डोहात सोडील, हे माझ्या हिशेबात कुठंच बसत नव्हतं.

"तर आता तुम्ही सांगा," नलवडे म्हणाला. "हा म्हणतो नळी आखूड होती, मालकांनी मोजली. माझ्यासमोर मोजा. वीसच्या वर भरली तर म्हातारा येडा आहे, समज देऊन सोडतो. परवाना जाईल, एवढंच. खाली भरली तर माझ्या हातात काही राहत नाही, गुन्हा दाखल करावा लागेल. मला स्वतःला म्हाताऱ्याला आत घालायची हौस नाही, पण कागद तुमचा. तुम्ही लिहाल ते."

चाचांनी बादलीभर पाण्यानं नळ्या धुतल्या. गाळ निघाला. त्यांनी बंदूक उभी केली आणि दांडी हातात घेतली. मग थांबले.

"मालक, खोलून मापूया."

आता सांगतो.

त्या शुक्रवारी दुकानात मी दांडी सोडली तेव्हा नळीत चाचांचं लाकडी काडतूस होतं. दांडी नळीच्या तळाला टेकली नव्हती, त्या लाकडाला टेकली होती. अडीच इंच अलीकडेच. नळी होती बावीस इंचांची, पुरी बावीस, कायद्यात दोन इंच आरामात बसणारी. पहिल्यांदा दोरा बाहेर राहिला तेव्हा मीही दचकलो होतो. मग एका श्वासात सगळं ध्यानात आलं. 'अरे, लाकूड राहिलंय आत' एवढं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मी धाकलूचं तोंड बघितलं. तीनदा नाही म्हणून हसलेलं ते तोंड पांढरंफटक पडलं होतं. आणि मी दांडी काढून दुसऱ्या नळीत सोडली.

चाचांना बावीस इंच ठाऊक होते. त्यांच्या बापानं कापलेली नळी होती, आणि वीसच्या खाली करवत लावायची नाही हे बापानंच त्यांना शिकवलं होतं. लाकडं आत गेली होती हेही त्यांनाच ठाऊक. आता ती डोहाचं पाणी पिऊन फुगली होती आणि नळीत घट्ट रुतून बसली होती.

"काय म्हणतोय मिस्तरी?" नलवडेनं विचारलं.

"गंजलीय ती," मी म्हटलं. "जोर लावून खोलली तर मोडेल. पुराव्याची वस्तू आहे."

"मालक," चाचा पुन्हा म्हणाले.

मी उठून त्यांच्याजवळ गेलो, बंदूक बघतोय असं दाखवून वाकलो आणि कानाशी बोललो. "नळी कुणी कापली ते विचारतील चाचा. बापाचं नाव सांगणार आहात? आणि उद्यापासून काम कुठं करणार आहात?"

चाचांचं वय तेव्हा बासष्ट. घरात लग्नाच्या दोन मुली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शाळेत जात होतो तेव्हा त्यांनी मला लेथवर भोवरा करून दिला होता. त्यांनी दांडी माझ्या हातात दिली आणि दोन पावलं मागं सरकले.

मी दांडी सोडली. नळीत टक् आवाज आला नाही, भिजलेल्या लाकडावर नुसताच धप्प झाला. दोरा बाहेर राहिला. नलवडेनं वाकून बघितलं, धाकलूनंही बघितलं.

"बगा साहेब," धाकलू म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं! आपण खोटं बोललो नाही, हे सिद्ध झालं म्हणून. "म्हनलं हुतं न्हवं मी?"

मी लिहून दिलं, साडेएकोणीस इंच. खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला. बावीस लिहिले असते तर नलवडेनं विचारलं असतं, मग म्हाताऱ्याला साडेएकोणीस का सांगितलेत?  दुकानाचा परवाना गेला असता, गावात छीथू झाली असती. भीती होतीच. पण नुसती भीती होती असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. सरकारजमा झालेल्या बंदुका पुढं लिलावात निघतात आणि त्या आमच्यासारखे दुकानदारच घेतात, हेही मला त्या व्हरांड्यात, चहाचा कप हातात असताना, सुचलं होतं.

चाचा त्या दिवशी ठाण्यातून परस्पर घरी गेले. परत दुकानात आले नाहीत. पुढं बसस्टँडबाहेर कुलपं आणि छत्र्या दुरुस्त करत बसायचे. मी समोरून गेलो की खाली मान घालून काम करायचे.

खटला उभा राहिला. सरकारी वकिलानं माझी साक्ष घेतली, मी माप सांगितलं. मग मॅजिस्ट्रेटनं धाकलूला विचारलं, तुला काही म्हणायचंय का.

"न्हाई जी. मालकांनी आदीच सांगितलं हुतं. तवाच तुमच्याकडं यायला पायजे हुतं. चूक माझी."

दीड वर्षाची सजा झाली. कापली कुणी, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. 'ठावं न्हाई' म्हणाला. नाव सांगितलं असतं तर कदाचित सजा कमी झाली असती.

बंदूक लिलावात निघाली नाही. मी कचेरीत चौकशी केली तेव्हा तिथला कारकून हसला. "पोतनीस, तुमचाच कागद आहे की. बंदी घातलेलं हत्यार, ते विकतात होय? तोडायचं." बावीस लिहिले असते तर ती लिलावात आली असती आणि बहुधा माझ्याकडेच आली असती. मी लिहिलेल्या आकड्यानं म्हातारा आत गेला आणि बंदूकही गेली. तोडताना जाणकार म्हणून मलाच बोलावलं. पोलिसांच्या आवारात गॅसकटरनं तिचे चार तुकडे केले. सोन्याचा दोन वितळून थेंब झाला. नळी फुटली तसं त्यातून एक जळकं लाकूड घरंगळत माझ्यापर्यंत आलं. मी ते बुटानं गटारात लोटलं. कुणाचं लक्ष नव्हतं.

शिमग्याच्या सुमाराला धाकलूची बायको केराबाई वारली. मेंढरं तिनं आधीच विकली होती. तुरुंगात निरोप पोचेपर्यंत तेरावं होऊन गेलं होतं. हे मला धाकलूच्या वाडीतल्या एका परवानेवाल्यानं सांगितलं. मी अरेरे म्हटलं आणि त्याला काडतुसं मोजून दिली.

सुटल्यावर महिन्याभरानं धाकलू दुकानात आला. मला त्याला ओळखायला वेळ लागला. दाढी वाढलेली, मुंडाशाऐवजी टोपी. हातात पिशवी. त्यानं पिशवीतून एक बाटली काढून काउंटरवर ठेवली. मध होता, डोंगरातला, काळसर.

"तुमच्यासाटी आनला," तो म्हणाला. "काय द्यावं म्हनून लई इचार केला. तुमी दोनदा खरं बोललासा. मीच ऐकलं न्हाई. बंदूक हितंच ठिवली असती तर कायसुदिक झालं नसतं. म्हातारी बी जगली असती."

मी बसा म्हटलं. तो बसला नाही. भिंतीवरच्या एक नंबरच्या बंदुकीकडे बघत उभा राहिला. सरपोतदार एकटीची एकटीएवढीच किंमत देत होते, म्हणून मी ती विकली नव्हती. तशीच टांगलेली होती.

"ही तिची भन न्हवं?"

"हो."

"हातात घिऊ?"

नाही कसं म्हणू? मी ती काढून दिली. त्यानं दोन्ही हातांत घेतली, दस्ता गालाला लावला.  मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि माझं तोंड धंद्याचं.

"अजून जशीच्या तशी आहे मामा," मी म्हटलं. "तीस इंच. दोराभरही कमी नाही."

"आमचीबी आदी येवडीच हुती," तो म्हणाला. काउंटरच्या कडेला दांडी पडली होती. त्यानं ती उचलली. आपली गेलेली नळी केवढी होती ते त्याला बघायचं असावं. त्यानं बंदूक उभी केली आणि दांडी आत सोडली, अगदी मी सोडली होती तशी. दोनदा बघितलेलं होतं त्यानं.

टक्.

त्यानं नळीच्या तोंडाशी दांडीवर अंगठा धरला, दांडी बाहेर काढली आणि तांबड्या दोऱ्यापासून अंगठ्यापर्यंतच्या खाचा नखानं मोजू लागला. तीनशे मेंढरांत एक कमी असलं तर त्याला नुसत्या नजरेनं कळायचं.

"सात," तो म्हणाला. "आन् वर अर्धी. मालक, तीस म्हंजी दोऱ्याच्या वर धा पायजेत न्हवं?"

मी म्हटलं, "असं होतं कधी कधी. ठेवा ती, मामा."

त्यानं ठेवली नाही. कळ दाबून बंदूक उघडली. दोन्ही नळ्यांत शिसवाची लाकडं होती, मागच्या पितळी टोप्या चमकत होत्या. त्यानं एक बोटानं उपसून काढलं आणि तळहातावर धरून बराच वेळ बघितलं. मग बंदूक मिटली आणि त्याच नळीत पुन्हा दांडी सोडली. पुन्हा खाचा मोजल्या. दहा भरल्या. त्यानं ते लाकूड दांडीला लावून बघितलं. अडीच खाचा, नेमक्या.

 

"दस्तगीर दर साली घालायचा ही," तो हळूच म्हणाला. माझ्याशी नव्हे, माग वाचताना स्वतःशी बोलायचा तसा. "त्या सालीबी घातली असतील."

मी खाली काउंटरकडे बघत राहिलो. त्यानं शिवी दिली असती, बंदुकीचा दस्ता डोक्यात घातला असता, तर मला चाललं असतं. मी वाट बघत होतो. त्यानं लाकूड पुन्हा नळीत सरकवलं, बंदूक मिटली आणि ती भिंतीवर होती तिथं, खुंटीवर, नीट टांगली. दांडी काउंटरच्या कडेला होती तशी ठेवली.

मग त्यानं मधाची बाटली उचलली, पिशवीत घातली आणि बाहेर पडला. जाताना नेहमी करायचा तसा नमस्कार त्यानं केला नाही. पायऱ्या उतरून तो बसस्टँडच्या बाजूला वळला, जिथं चाचा छत्र्या दुरुस्त करत बसायचे तिकडं.

संध्याकाळी दुकान बंद करून मी त्याच रस्त्यानं घरी निघालो. चाचांच्या पुढ्यात, हत्यारांच्या पेटीवर, मधाची बाटली ठेवलेली होती. त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली नाही.